पोरं पाठ केलेलं बोलतात, प्रश्न आला की गप्प. गावाला विज्ञान मुलांनीच सांगायचं तर सुरुवात कुठून करू?

खडूफळा
सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावातली जि. प. शाळा. पाचवी ते सातवीचा पट ४१. दरवर्षी २८ फेब्रुवारीचं, म्हणजे विज्ञान दिनाचं, ठरलेलं: सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार, चार भाषणं, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. भाषणं शिक्षकांनी लिहिलेली, मुलांनी घोकलेली. समोरच्या एखाद्या आजोबांनी "मग आमच्या आडाला गढूळ पाणी का येतंय?" असं विचारलं की पोरगं सरांच्या तोंडाकडं बघतं.

यंदा हे बंद करायचं आहे. विषय मुलांनी निवडावा, गावाला मुलांनीच समजावून सांगावं आणि तेही एका दिवसापुरतं नको. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणजे गावात पुढचे चार महिने बोलणं एकच, पाणी किती येणार. हाताशी ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, पाराजवळची एक भिंत आहे, एक जुना अँड्रॉइड फोन आहे आणि साधारण २,००० रुपये.

सुरुवात कुठून करू? मुलं गावासमोर चुकीचं बोलली तर काय? आणि चुणचुणीत चारपाच पोरं सोडली तर बाकीची तोंड उघडत नाहीत, त्यांचं काय?

पारकट्टा
सर, पहिल्यांदा भाषण लिहून द्यायचं थांबवा. सहावीतलं पोरगं "पर्जन्यमान" म्हणालं की समजायचं, हे त्याचं नाही. त्याचं असेल तर ते "पाऊस किती झाला" म्हणेल. स्वतः न मोजलेल्या गोष्टीवर उलटा प्रश्न आला की कुणीही गडबडतं, मोठी माणसंसुद्धा.

विषय काढायला प्रश्नपेटी ठेवू नका. पेटी ठेवली की "गुरुत्वाकर्षणाचा शोध कोणी लावला" अशा चिठ्ठ्या पडतात, कारण मुलांना वाटतं गुरुजींना परीक्षेतले प्रश्न पाहिजेत. त्यापेक्षा गृहपाठ द्या: घरात, दुकानात, दूध डेअरीवर ऐकलेलं पाण्यापावसाबद्दलचं एक वाक्य जसंच्या तसं लिहून आणा. "कोयनेतनं एक लाख सोडलंय, रात्रीत पाणी येतंय." "तुरटी फिरवली की पाणी शुद्ध." "यंदा पाऊस गेल्या सालापेक्षा कमीच हाय." अशा ४१ चिठ्ठ्या येतील. मुलांनाच त्यांचे तीन ढीग करू द्या: आपल्याला मोजून बघता येईल, जाणत्याला विचारावं लागेल, आपल्या आवाक्याबाहेरचं. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या आणि पहिल्या ढिगातल्या चिठ्ठ्यांवर ठेवायला सांगा. तुमच्याकडं चिंचोका नको.

मग तिघातिघांचे गट करा. एक सांगणार, एक करून दाखवणार, तिसरा फक्त लोकांनी विचारलेले प्रश्न लिहून घेणार. दर आठवड्याला कामं बदलायची. तुमची न बोलणारी पोरं या तिसऱ्या कामातून हळूहळू पुढं येतात. महिनाभर प्रश्न लिहिले की काय विचारलं जातं आणि कुठं अडतं हे त्यांना सगळ्यात आधी कळलेलं असतं.

सांगणाऱ्याच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर चार शब्द आणि एक आकडा. पूर्ण वाक्य एकही नको, वाक्य लिहिलं की ते वाचलं जातं. तालीम तीनदा. आधी तिसरीच्या पोरांपुढं (शब्द जड असेल तर इथंच कळतो), मग खिचडी शिजवणाऱ्या मावशींपुढं, शेवटी गावातल्या सगळ्यात हेकट आजोबांपुढं. ऐकणाऱ्याला "समजलं का?" विचारायचं नाही. आपल्याकडं सगळेच "व्हय, समजलं की" म्हणतात. "आता तुम्ही मला सांगा" म्हणायचं. मावशी जिथं अडतील ते वाक्य बदलायचं.

चुकीचं बोलतील ही भीती रास्त आहे. त्यासाठी उत्तरं तीनच प्रकारची ठेवा: "आम्ही मोजलं, एवढं आलं", "आम्ही मोजलं नाही, अमक्यांना विचारलं" आणि "माहीत नाही, बुधवारी सांगतो". तिसरं उत्तर दिलं की तो प्रश्न तिथल्या तिथं फळ्यावर लिहायचा आणि बुधवारी काहीतरी सांगायचंच, मग ते "अजून कळलं नाही, ह्यांना विचारलंय" एवढंच का असेना. बुधवार दोनदा चुकला की गाव विचारायचं सोडतं.

आणि तुम्ही मागं बसा, मुलाच्या नजरेच्या टप्प्यात नको. तुम्ही दिसलात की ते तुमच्याकडंच बघणार.

मिलिमीटर
वरच्याला धरून सांगतो. मोजायला काहीतरी रोजचं हवं, आणि पावसाळ्यात पर्जन्यमापकासारखं दुसरं काही नाही. खर्च ३०० च्या आत.

कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या तीन बाटल्या घ्या, उभ्या सरळ भिंतीच्या. खांदा संपून बाटली सरळ होते तिथं कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कडेला चिकटपट्टी लावा. बूच काढलेलं आहे का बघा. हसू नका, ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

बऱ्याच ठिकाणी बाटलीवर पट्टी चिकटवून उंची वाचायला सांगतात. ते करू नका. या बाटल्यांच्या बुडाला पाच उंचवटे असतात, त्यामुळं पहिले काही सेंटिमीटर खोटे येतात. पाणी ओतून मोजा. मेडिकलमधून १०० मि.ली.चं मापपात्र किंवा बिनसुईची १० मि.ली.ची सिरिंज आणा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ. व्यास ११ सें.मी. असेल तर ९५ चौ. सें.मी., म्हणजे ९.५ मि.ली. पाणी = १ मि.मी. पाऊस. बाटलीत ३८० मि.ली. साठलं तर ४० मि.मी. हा भागाकार मुलांनी फळ्यावर करायचा, फोनवर नाही.

जागा उघडी हवी. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. तोंड जमिनीपासून ३० सें.मी. उंच, बाटली विटांच्या चौकटीत घट्ट आणि ओळंब्यात. स्लॅबवर ठेवू नका, तिथं वारा पाऊस उडवून नेतो. रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठ धरला जातो. वेगळी वेळ धरली तर तुमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी ताडता येणार नाही. जवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या लावा.

वहीचा नियम एकच आणि तो कडक: पाऊस नसेल तर ०, वाचलंच नसेल तर आडवी रेघ. रेघेच्या जागी शून्य लिहिलं की पुढची बेरीज खोटी. आणि मागून अंदाजानं भरायचं नाही, रविवार असला तरी.

पाराजवळच्या भिंतीवर ४ बाय ३ फुटांचा काळा चौकोन रंगवा, अर्धा लिटर रंगात होतो. रकाने: तारीख, आजचे मि.मी., १ जूनपासून एकूण, आणि खाली एक पट्टी "काल आमचं काय चुकलं". ही पट्टी काढू नका, लोक तीच आधी वाचतात. हवामान खातं २.५ मि.मी. किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं, आणि ६४.५ च्या पुढं गेला की जोरदार पाऊस म्हणतं. हे दोन आकडे कोपऱ्यात कायमचे रंगवून ठेवा.

मि.मी. हा आकडा शेतकऱ्याला परका. एका गुंठ्यावर १ मि.मी. म्हणजे १०१ लिटर. २५ मि.मी. पडला तर एकरावर लाखभर लिटर पाणी झालं. पोरानं पारावर एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न समोरूनच येतो: "मग ठिबक किती दिस बंद ठेवू?" त्याला उत्तर तिसऱ्या प्रकारचं, बुधवारी. मातीवर आणि पिकावर अवलंबून आहे, कृषी सहायकांना विचारून या.

खडूफळा
दोघांचेही आभार. चाचणी म्हणून तीन बाटल्या केल्या. काल वळवाचा पाऊस आला, आकडे ३१, ३३ आणि १९ मि.मी. मुलं म्हणतात १९ वाली फेकून द्या. द्यावी का?

मिलिमीटर
मुळीच नाही, धडा तिच्यातच आहे. मुलांना कारण शोधू द्या. क्रमानं बघा: बाटली कललीय का, जवळ झाड किंवा भिंत आहे का, कापलेली कड आत वळून तोंड लहान झालंय का, नरसाळं आणि बाटली यांच्या फटीतून पाणी बाहेर गेलं का, तळाला चीर आहे का. पाणी भरून अर्धा तास ठेवलं की शेवटचं कळतं. मग तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पुढचा पाऊस बघा. जवळपास सारखे आकडे आले तर दोष जागेचा, तरीही फरक राहिला तर दोष बाटलीचा. आणि फळ्यावर तिन्ही आकडे लिहा, सरासरी नको. "मोजमापात एवढा फरक पडतो" हे गावाला दिसणं हेसुद्धा विज्ञान सांगणंच आहे.

मोठ्या पावसात १२०-१३० मि.मी.ला बाटली भरून वाहील. अशा दिवशी संध्याकाळीही मोजून ओता आणि सकाळच्या आकड्यात मिळवा.

टीएमसी_ते_तांब्या
पुराचा विषय निघणारच, म्हणून आधी धोक्याचं: पातळी वाचायला एकही मूल नदीवर जाता कामा नये. घाटावर रंगवलेली पट्टी बघायलाही नको. पातळीचा आकडा प्रशासन जाहीर करतं तोच घ्यायचा, सोबत वेळ लिहायची. "सांगलीचा आयर्विन पूल, ३८ फूट, सकाळी ८" असं. वेळ नसलेला आकडा म्हणजे अफवा, कारण दुपारी तो खोटा ठरतो. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एवढे तीन आकडे भिंतीवर उभ्या पट्टीवर काढले की गावातला प्रत्येक जण रोजचा आकडा त्यात बसवून बघतो.

"घरं सोडा", "धोका नाही" असली वाक्यं मुलांच्या तोंडी कधीच नकोत. ते काम तहसीलदारांचं. मुलांचं काम आकड्याचा अर्थ सांगायचं.

अर्थ सांगायला सगळ्यात कामाची जोडी म्हणजे टीएमसी आणि क्युसेक. बातम्यांत दोन्ही एका दमात येतात आणि लोक एकच समजतात. तोटी असलेला २० लिटरचा पाण्याचा कॅन घ्या, खाली तांब्या. कॅनमध्ये किती आहे ते टीएमसी, म्हणजे साठा. तोटीतून सेकंदाला किती पडतंय ते क्युसेक, म्हणजे वेग. करून दाखवणाऱ्यानं तोटी अर्धी उघडायची, सांगणाऱ्यानं मोठ्यानं सेकंद मोजायचे, तांब्या भरला की थांबायचं. मग पूर्ण उघडून पुन्हा. कॅन तोच, साठा तेवढाच, तांब्या भरायला लागलेला वेळ वेगळा. इथं दहा सेकंद गप्प राहायला शिकवा. पोरं घाईनं पुढचं बोलतात आणि बघणाऱ्याच्या डोक्यात जुळायच्या आत विषय संपतो.

मग आकडे. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला १० हजार लिटरचे २८३ टँकर. कोयना धरणाचा पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी. १ लाखानं सोडलं तर १ टीएमसी बाहेर पडायला पावणेतीन तास लागतात, दिवसभरात ८.६४ टीएमसी. हे गणित सातवीचं मूल करू शकतं: १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, भागिले १ लाख, म्हणजे १०,००० सेकंद.

हटकून येणारा प्रश्न: "मग कोयनेनं बंद केलं तरी सांगलीचं पाणी का उतरत नाही?" याचं अर्धं उत्तर मुलांना नकाशावर दाखवता येतं. कोयना कराडला कृष्णेला मिळते. धरणाखाली सांगलीपर्यंत जो पाऊस पडतो, ओढे येतात, ते पाणी कुठल्याच दारातून सोडलेलं नसतं. पुढं हरिपूरला वारणा येते, तिला पूर असला की कृष्णेचं पाणी मागं तुंबतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं सांगलीला पूर येतो का, या वादात मात्र पोरांना उतरवू नका. तिथं मोठ्यांचंच एकमत नाही, आणि "बुधवारी सांगतो" म्हणून सुटण्यातला तो प्रश्न नाही.

गाळणी
तुरटीच्या चिठ्ठीवर: पूर ओसरल्यावर हाच प्रयोग सर्वात उपयोगी, आणि सर्वात सहज फसणारा.

१० ग्रॅम तुरटी कुटून १ लिटर पाण्यात विरघळवा. याच्या ५ मि.ली.त ५० मिलिग्रॅम तुरटी येते. काचेच्या एकसारख्या तीन बरण्या, प्रत्येकीत १ लिटर गढूळ पाणी. पहिलीत काही नाही, दुसरीत ५ मि.ली., तिसरीत १० मि.ली. एक मिनिट जोरात ढवळा, मग दहा मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. सावकाश ढवळताना कापसासारखे पुंजके धरताना दिसतात. तो क्षण बघणाऱ्यांना जवळ बोलावून दाखवा, मागं पांढरा कागद धरा.

फसतं कुठं? बादलीत माती कालवून लगेच बरणीत भरली की जाड कण तुरटीशिवायही बसतात आणि पहिली बरणीसुद्धा नितळ दिसते. म्हणून माती कालवल्यावर दहा मिनिटं थांबून वरचंच पाणी घ्या. दुसरं, उत्साही पोरगं शेवटपर्यंत गरागरा ढवळतं, पुंजके मोडतात आणि काहीच बसत नाही. तिसरं, पहिली बरणी ठेवायलाच विसरतात. ती नसेल तर तुरटीनं झालं की नुसतं ठेवल्यानं झालं, हे सांगता येत नाही.

आणि खरा मुद्दा: पाणी नितळ झालं की मूल आनंदानं "बघा, शुद्ध झालं!" म्हणतं. इथंच घोळ. घागरीत तुरटी फिरवणाऱ्या आज्जीचंही तेच म्हणणं आहे, म्हणजे आपण तिचा गैरसमज पक्का करून दिला. वाक्य आधीच ठरवा: "गाळ बसला. जंतू बसले का, ते डोळ्यांना दिसत नाही." मग पुढचं: खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यायचं. आणि बरणीतलं पाणी कुणी पिऊन दाखवायचं नाही, गुरुजींनीसुद्धा.

मधली_सुट्टी
सगळं वाचलं. पारकट्टा यांच्या चिंचोक्यांशी सहमत, पण एक अडचण आहे. मतं टाकली की वर्गातले दांडगे ठरवतात आणि बाकीचे त्यांच्यामागं चिंचोके ठेवतात. प्रत्येक चिठ्ठीपुढं पालथी वाटी ठेवा, चिंचोके तिच्याखाली ठेवायचे, आणि एकेकाला आत सोडा. आणि कामांच्या यादीवर नजर ठेवा. माईक मुलाकडं, रांगोळी आणि नोंदवही मुलीकडं, हे कुणी न ठरवता आपोआप होतं.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत: मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. आपला फेब्रुवारीतला ठरीव कार्यक्रम बहुतेक दुसऱ्या पायरीवर असतो. वर चढायचं तर एखादा निर्णय खरोखर मुलांच्या हातात हवा, आणि तो तुम्हाला न आवडणाराही असू शकतो. निदान हे तीन त्यांना द्या: विषय, फळ्यावर काय लिहायचं आणि २,००० पैकी निदान ५०० रुपये कशावर खर्चायचे. बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की "माहीत नाही" म्हणायला कुणी तयार होत नाही.

भोंग्याचं: आवाज आधी फोनवर भरून घ्या, मग भोंग्यावर लावा. भरताना फोन तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला धरा, नाहीतर प, फ, भ फुटतात. पंखा बंद, फोन विमान मोडवर, ६० ते ९० सेकंद पुरे. भोंग्यावर आकडे घसरतात. "एकोणचाळीस" की "एकोणपन्नास" हे लांबून कळत नाही, आणि पुराच्या दिवसांत तो फरक लहान नाही. म्हणून आकडा दोनदा सांगायचा, दुसऱ्यांदा सुटा: "एकोणचाळीस, तीन नऊ."

आवाज किंवा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचे सगळे बालक धरले जातात आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. कागदावर काय, कुठं, किती दिवस हे स्पष्ट लिहा. पालक हो म्हणाले तरी मुलाला वेगळं विचारा. फळ्यावर पूर्ण नाव नको, "गट ३" पुरे. चूक झाली तर हसू गटावर येतं, एकट्या पोरावर नाही.

खडूफळा
वाटीची युक्ती आवडली. ५०० रुपयांचं मुलांना आजच सांगितलं, पहिली मागणी आली: टॉर्च, कारण "रात्रीचा पाऊस रात्रीच मोजायचाय". एक राहिलंच: रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत फाटकाला कुलूप असतं.

मिलिमीटर
मग एक बाटली शाळेत आणि एक फाटकाबाहेर, जवळच्या मुलाच्या परड्यात ठेवा, दोन्ही पहिल्या दिवसापासून. सुट्टीत परड्यातली वाचायची आणि वहीत आकड्यापुढं "प" लिहायचा. शाळेतली तेवढे दिवस आडवी रेघ. सुट्टीनंतर तिच्यात साठलेलं पाणी एकूण म्हणून मोजा आणि परड्यातल्या बेरजेशी ताडून बघा. टॉर्च घेऊ दे, पण रात्रीचं वाचन घरच्या अंगणापुरतंच, आणि सकाळी साडेआठचं चुकवायचं नाही.